विश्वस्त जमनालाल बजाज

बऱ्हाणपूर आणि वर्धा ही गावे आज दोन वेगळ्या राज्यांत आहेत. पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ती एकाच प्रांतात होती. निमाड जिल्ह्यातील बऱ्हाणपूरचा आणि वर्ध्याचा कारभार एकाच नागपूरहून चाले, आणि दोन्हीकडे पैशाचे मूळही एकच होते, ते म्हणजे कापूस. बऱ्हाणपूरच्या लालबागेत १९०६ साली ताप्ती मिल उभी राहिली. त्याच सुमारास वर्ध्यात एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आजोबांच्या पेढीवर बसून कापसाचे भाव, व्याज आणि वायदे समजून घेत होता. त्या मुलाची ही हकीकत आहे.

आमच्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला बजाज हे नाव प्रथम भेटते ते स्कूटरमुळे किंवा शेअर बाजाराच्या पानावर. त्या पानावर बजाज नावाच्या कंपन्या एकीपेक्षा अधिक दिसतात, आणि त्यांपैकी एक जरा निराळीच आहे. बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट ही पुण्याजवळ आकुर्डीत नोंदलेली कंपनी काहीही बनवीत नाही. तिला भट्टी नाही, यंत्र नाही, गोदामात माल नाही. तिच्याजवळ आहेत ते दुसऱ्या कंपन्यांचे समभाग. बजाज ऑटोचे एक तृतीयांशाहून थोडे अधिक, बजाज फिनसर्व्हचेही मोठ्या प्रमाणात, महाराष्ट्र स्कूटर्सचे निम्म्याहून किंचित जास्त, आणि त्याखेरीज इतर समभाग व कर्जरोखे. लाभांश, व्याज आणि गुंतवणुकीच्या विक्रीतला नफा हेच तिचे उत्पन्न. ती स्वतः शेअर बाजारात नोंदलेली असल्यामुळे तुम्हा-आम्हालाही तिचा समभाग घेता येतो. म्हणजे आपण घ्यायचा तो अशा कंपनीचा भाग, की जिच्याजवळ दुसऱ्यांचेच भाग आहेत.

पाठ्यपुस्तकात अशा कंपनीला सूत्रधारी कंपनी म्हणतात. नाटकातला सूत्रधार नांदी झाली की बाजूला होतो. खेळ पात्रे करतात. (कायद्याच्या काटेकोर भाषेत निम्म्याहून अधिक मालकी असेल तरच सूत्रधारी म्हणावे, तेव्हा परीक्षेत कुणी हे उदाहरण देणार असेल तर महाराष्ट्र स्कूटर्सपुरतेच द्यावे, बाकीच्या ठिकाणी तिला नुसती गुंतवणूक-कंपनी म्हणणे बरोबर.) मला मात्र सूत्रधारापेक्षा बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा अधिक जवळचा दृष्टान्त वाटतो. १६१५ च्या सुमारास, खानखानान अब्दुल रहीम यांच्या काळात झालेली ही योजना. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात घ्यायचे, आणि त्या बोगद्यावर ठरावीक अंतराने कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडे, ठेवायची. वरून पाहणाऱ्याला शंभरएक सुट्या विहिरी दिसतात. खाली उतरणाऱ्याला कळते की पाणी एकच आहे आणि ते एका उताराने वाहते आहे. औद्योगिक घराणी अशीच असतात. वरून कारखाने वेगवेगळे दिसतात, मालकीचा बोगदा खाली असतो.

या कंपनीच्या प्रवर्तकांच्या यादीत, म्हणजे बोगद्याच्या अगदी उगमाशी, दोन खासगी कंपन्यांची नावे आढळतात. एक जमनालाल सन्स आणि दुसरी बछराज अँड कंपनी. बछराज हे आजोबा आणि जमनालाल हा नातू. या नातवाने वयाच्या सतराव्या वर्षी आजोबांच्या संपत्तीतली एक पैही नको असे लेखी कळवून घर सोडले होते. आज त्याचेच नाव मालकी धरून ठेवणाऱ्या कंपनीवर आहे, आणि म्हणूनच हे चरित्र मुळापासून पाहण्याजोगे आहे.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जयपूर संस्थानातील सीकरजवळच्या काशी-का-बास या खेड्यात झाला. वडील कनीराम, आई बिरदीबाई. घर साधे, गरिबीचेच. वर्ध्याला स्थायिक झालेले शेठ बछराज आपल्या मुलखात आले असता त्यांच्या पत्नी सदीबाई यांच्या मनात हा मुलगा भरला. बछराजांचा वंश पुढे चालवायला कुणी नव्हते. १८९४ साली, पाच वर्षांचाही पुरता न झालेला जमनालाल त्यांचा दत्तक नातू होऊन वर्ध्यास आला. मुलाच्या बदल्यात आईवडिलांनी पैसा घेतला नाही, गावासाठी विहीर बांधून घेतली, असे सांगतात. राजस्थानात पाण्याची जी किंमत आहे ती ध्यानात घेतली म्हणजे ही देवघेव किती मोठी होती हे कळेल.

शिक्षण म्हणाल तर वर्ध्याच्या शाळेत चार इयत्ता. इंग्रजी पुढे गरजेपुरती आली. मातृभाषा मारवाडी, पण बालपण वऱ्हाड-वर्ध्याच्या मातीत गेल्यामुळे मराठी ही त्यांची घरचीच भाषा झाली. १९०२ साली जावऱ्याच्या जानकीदेवींशी विवाह झाला. नवरा बारा-तेरा वर्षांचा आणि नवरी नऊ वर्षांची. त्या काळाला अनुसरूनच हे झाले.

मुलाच्या खर्चासाठी आजोबा रोज एक रुपया देत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा रुपया तो. गड्याचा कितीतरी दिवसांचा रोजगार. त्यातून साठविलेले शंभर रुपये या मुलाने नागपूरहून निघू घातलेल्या हिंदी केसरीला देऊन टाकले. टिळकांचे विचार हिंदीत आणण्यासाठी माधवराव सप्रे यांनी चालविलेला तो उद्योग होता. पुढे लाखांनी दान देणाऱ्या या माणसाला ते शंभर रुपये दिल्याचा आनंद कायम अधिक वाटत राहिला, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत येते. ते रुपये त्यांनी स्वतःच्या चैनीतून वाचविलेले होते, हे त्याचे कारण असावे.

आता त्या पत्राकडे येऊ. साल १९०७. घरात एका लग्नाला जाण्याची तयारी चालली होती. शेठजींची इच्छा होती की नातवाने घराण्याला शोभेल असे जडजवाहीर अंगावर घालावे. नातवाने ते नाकारले. बछराज मूळचे शीघ्रकोपी. त्या रागात त्यांच्या तोंडून दत्तक मुलाच्या जिव्हारी लागेल असे काहीतरी निघून गेले. ज्या पैशावर वाढलास त्या पैशाचा मान राखता येत नाही, अशा अर्थाचे ते बोलणे होते. मुलगा उलट बोलला नाही. त्याने बसून पत्र लिहिले.

ते पत्र संतापाचे नाही, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. त्याची रचना हक्कसोडीच्या दस्तऐवजासारखी आहे. आपला या संपत्तीवर कसलाही हक्क नाही आणि पुढेही आपण तो सांगणार नाही. आजवर आपल्यावर जो खर्च झाला तो परत करणे शक्य नाही, पण येथून पुढे एक पैही घेणार नाही. जाताना अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नेत नाही. आजोबांनी राग धरू नये, आणि आपला पैसा चांगल्या कामी लावावा, असा त्याचा आशय. आजोबांविषयीचा आदर त्यात कोठेही ढळलेला नाही. सतराव्या वर्षी घर सोडणारी मुले सगळ्या काळांत असतात. जाताना कायदेशीर हिशेब पुरा करून जाणारा मुलगा विरळा. हा मुलगा रागातही पेढीवरचाच होता.

मध्यस्थांनी समजूत घालून त्याला परत आणले. बछराजांना पश्चात्ताप झाला होता. त्यानंतर थोड्याच काळात, त्याच वर्षी, ते वारले, आणि जी संपत्ती लेखी सोडली होती ती सगळी जमनालालांच्या हाती आली. कायद्याने ते मालक झाले. पण पत्र त्यांनी मनाने कधी रद्द केले नाही. आपण सोडलेला पैसा आपल्याकडे ठेव म्हणून आला आहे, तेव्हा तो व्याजासह लोकांच्या कामी गेला पाहिजे, असे त्यांनी ठरविले. वारशाने आलेली रक्कम व्याजासकट दानात गेल्याचा हिशेब त्यांनी पुढील आयुष्यात खरोखरच पुरा केला. विश्वस्तवृत्तीवर गांधीजींनी पुढे पुष्कळ लिहिले. या व्यापाऱ्याने ती कल्पना वाचण्याच्या आधी आपल्या खातेवहीत उतरविली होती.

येथे एका गोष्टीची गल्लत होऊ नये. जमनालालजींनी व्यापार सोडला नाही. ते साधू झाले नाहीत. सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने, कापसाची खरेदी-विक्री, सावकारी, मालगुजारी हा सारा पसारा त्यांनी वाढविला, आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते मानद न्यायाधीशही झाले. कापसाच्या बाजारात ज्याचा शब्द पाळला जातो त्याला उधारी स्वस्त पडते, हे त्यांना ठाऊक होते, आणि ते शब्दाचे पक्के होते. सचोटी हा त्यांचा धर्म होता तसाच तो त्यांच्या पेढीचा पायाही होता. या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखविण्याची काही लेखकांना हौस असते. मला ती अनाठायी वाटते.

१९१५ साली गांधीजी आफ्रिकेतून परतले आणि जमनालालजी त्यांच्याकडे ओढले गेले. त्यापूर्वी गुरूच्या शोधात त्यांनी अनेक मोठी माणसे पाहिली होती. पुढे सरकारनेही त्यांना रायबहादुर केले. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते, आणि त्याच वेळी त्यांनी गांधीजींकडे एक विलक्षण मागणी केली. चार मुलगे असलेल्या गांधीजींनी आपल्याला पाचवा मुलगा मानावे. पाचव्या वर्षी दुसऱ्यांनी दत्तक नेलेल्या या माणसाने एकतिसाव्या वर्षी स्वतः वडील निवडले. गांधीजींनी ते मान्य केले. रायबहादुरी सरकारला परत गेली. असहकारात वकिली सोडणाऱ्यांची घरे चालावीत म्हणून जमनालालजींनी टिळक स्वराज्य फंडात एक लाख रुपये दिले. विदेशी कपड्यांची होळी झाली, जानकीदेवींनी दागिने उतरविले, पुढे पडदाही सोडला. मारवाडी समाजात त्या काळी पडदा सोडणे हे दागिने सोडण्याहून कठीण होते.

नागपूरनंतर काँग्रेसचे खजिनदारपद त्यांच्याकडे आले आणि ते कितीतरी वर्षे त्यांच्याकडेच राहिले. खजिनदाराचे काम कुणाच्या नजरेत भरत नाही. भाषणे दुसरे करतात, मिरवणुका दुसऱ्यांच्या निघतात. पण १९२१ साली एक कोटी रुपयांचा टिळक फंड जमला तो पै-पैशाने, देशभरातल्या अनोळखी माणसांकडून. आणि तो पैसा कुठे गेला हे विचारायला सरकार, विरोधक आणि स्वकीय सगळेच टपलेले होते. अशा वेळी ज्याच्या स्वतःच्या वहीविषयी बाजारात शंका नव्हती असा माणूस तिजोरीवर असणे ही फार मोठी गोष्ट होती.

तुरुंगवास त्यांना अनेकदा घडला. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह, १९३० चा विलेपार्ल्याच्या छावणीतील मिठाचा सत्याग्रह, १९३९ मध्ये जयपूर संस्थानात प्रजामंडळासाठी, पुन्हा १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात. याविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी येथे थांबत नाही.

थांबायचे आहे ते त्यांच्या दुसऱ्या गुंतवणुकीपाशी. आज कंपन्यांच्या समभागांची मोट बांधणाऱ्याला आपण चतुर गुंतवणूकदार म्हणतो. जमनालालजींनी मोट बांधली ती माणसांची. १९२१ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या आग्रहावरून साबरमतीहून विनोबा वर्ध्याला आले आणि तेथे आश्रम सुरू झाला. स्वतःची मुले त्यांनी विनोबांच्या हाती सोपविली. १९२३ मध्ये त्यांनी गांधी सेवा संघ स्थापन केला. रचनात्मक कामाला आयुष्य दिलेल्या कार्यकर्त्याला पोटाची विवंचना राहू नये, एवढाच त्याचा हेतू. पैसा गोळा करून ठेवायचा आणि त्यातून माणसे जगवायची, अशी ही योजना. आमच्या कानडी वाचकांना या संघाची आठवण वेगळी सांगायला नको. १९३७ च्या एप्रिलमध्ये त्याचे संमेलन बेळगाव जिल्ह्यातल्या हुदलीला, गंगाधरराव देशपांड्यांच्या गावी भरले होते आणि गांधीजी तेथे येऊन राहिले होते. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसनंतर त्या भागात खादीचे जे काम वाढले त्याला ती एक पावतीच होती. चरखा संघाचे खजिनदारही जमनालालजीच.

१९३४ साली गांधीजी वर्ध्याला आले. जमनालालजींनी आपला बाग आणि त्यातले घर ग्रामोद्योग संघाला दिले. तीच मगनवाडी, जेथे कुमारप्पांनी तेलघाणी, कागद आणि मधमाश्या यांचे अर्थशास्त्र उभे केले. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले. हे गाव बहुतांशी जमनालालजींच्या मालगुजारीतले. त्याचेच पुढे सेवाग्राम झाले. वर्ध्यातली बजाजवाडी म्हणजे देशाची धर्मशाळा झाली. काँग्रेसच्या कार्यकारिणीच्या बैठका तेथे होत, आणि पुढाऱ्यांपासून पायी आलेल्या कार्यकर्त्यापर्यंत सर्वांची पंगत एकच असे. १९३७ च्या ऑक्टोबरात मूलोद्योगी शिक्षणाची परिषद वर्ध्यालाच भरली. ज्या मारवाडी शिक्षण संस्थेच्या आवारात ती भरली, तिचे बीज जमनालालजींनी विशीत असतानाच लावले होते. त्याच संस्थेचे वाणिज्य महाविद्यालय १९४० साली वर्ध्यात सुरू झाले. चार इयत्ता शिकलेल्या माणसाचे हे काम आहे.

जुलै १९२८ मध्ये घडलेली एक गोष्ट मात्र पैशाने होण्यासारखी नव्हती. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर बछराजांनी बांधलेले, घराण्याच्या मानाचे. जमनालालजींनी ते अस्पृश्यांसाठी खुले केले. त्यासाठी त्यांनी मंदिराच्या विश्वस्तांची मने वळविली, ठराव करून घेतला, आणि मगच दार उघडले. जातीतल्या मोठ्या भागाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्यांच्याशी लग्नसंबंध करायचे, ज्यांच्याशी हुंडीचा व्यवहार करायचा, तीच ही माणसे. व्यापाऱ्याला तुरुंग परवडतो. जातीतली पत गेलेली परवडत नाही. त्यांनी ती जोखीम घेतली. एका मंदिराचे दार उघडल्याने अस्पृश्यता गेली नाही हे खरेच; पण देशात अशी दारे तेव्हा किती उघडत होती हेही पाहावे.

याच काळात त्यांचा उद्योग कापसाच्या बाहेर पडला. १९३१ साली संयुक्त प्रांतातल्या गोला गोकर्णनाथ येथे हिंदुस्थान शुगर मिल्स निघाली. पुढच्याच वर्षी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशात साखर कारखाने भराभर उभे राहिले. त्या दशकाच्या अखेरीस लाहोरच्या मुकुंद आयर्न अँड स्टीलचा कारभार त्यांनी जीवनलालभाईंच्या साथीने हाती घेतला. त्या काळी अशी घराणी अनेक कंपन्या चालवीत ती व्यवस्थापन अभिकर्ता पद्धतीने. एक पेढी करार करून चार कंपन्यांचा कारभार पाही आणि त्याबद्दल दलाली घेई. समभाग थोडे असले तरी सत्ता पुरी असे. या पद्धतीत भागधारकांची लूट पुष्कळ झाली आणि १९७० च्या एप्रिलपासून ती कायद्याने बंद पडली. त्यानंतर सत्ता टिकवायची तर समभागच जवळ हवेत, हे घराण्यांना उमगले. आजच्या गुंतवणूक-कंपन्यांचे महत्त्व वाढण्याचे एक कारण तेथे आहे.

जमनालालजींच्या निधनानंतर, २९ नोव्हेंबर १९४५ रोजी, बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही छोटी कंपनी नोंदली गेली. तिने आधी परदेशी स्कूटर आणून विकल्या. १९६० मध्ये तिचे नाव बजाज ऑटो झाले आणि ती सार्वजनिक कंपनी बनली. पुढची कथा कमलनयन, रामकृष्ण आणि नातू राहुल बजाज यांची आहे. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. वाहनांतून आलेला पैसा साचत गेला, त्यातून कर्जव्यवहार आणि विमा हे धंदे वाढले, आणि एकाच कंपनीच्या पोटात तीन वेगळे जीव झाले. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या १८ डिसेंबर २००७ च्या आदेशाने विभागणी मंजूर झाली आणि २००८ च्या फेब्रुवारीत ती अमलात आली. वाहनांचा धंदा नव्या बजाज ऑटोकडे गेला, वित्त आणि विमा बजाज फिनसर्व्हकडे. जुन्या भागधारकाला प्रत्येक समभागामागे दोन्ही नव्या कंपन्यांचा एकेक समभाग मिळाला. आणि जी जुनी, १९४५ ची, बछराजांच्या नावाने जन्मलेली कंपनी होती, ती कारखाना गमावून नुसती समभागांची धारक राहिली. तीच ही आपल्या लेखाच्या आरंभीची बजाज होल्डिंग्ज.

अशा कंपनीच्या समभागाचा बाजारभाव तिच्याजवळच्या समभागांच्या किमतीच्या बेरजेहून नेहमी बराच कमी असतो. विद्यार्थ्यांना हे कोडे वाटते. कारण असे की हे समभाग ती विकणार नाही हे बाजाराला माहीत असते. पाणी बोगद्यात दिसते आहे, पण आपल्या हातात पोहरा येईल तो लाभांशाचाच. उगमावर आपला ताबा कधी येणार नाही. ज्या वस्तूचा मालक ती विकणार नाही, तिची पूर्ण किंमत बाजार देत नाही.

येथे मला जमनालालजींचे विश्वस्तपण आणि कंपनीचे धारकपण एकमेकांशेजारी ठेवून पाहावेसे वाटते. दोघांतही विकायचे नाही, धरून ठेवायचे आहे. कंपनीने कुणासाठी धरायचे हे कायदा सांगतो. भागधारकांसाठी, आणि त्यांना दरवर्षी ताळेबंद मिळतो, सभेत प्रश्न विचारता येतो. जमनालालजींनी धरले ते अशा लोकांसाठी ज्यांच्या हाती समभाग नव्हता आणि ज्यांना सभेत प्रश्न विचारता येत नव्हता. शेगावच्या कुळाला आपल्या मालगुजाराचा हिशेब मागण्याचा हक्क नव्हता. सगळा भरवसा एका माणसाच्या मनावर होता. समाजवादी त्या वेळी नेमका हाच आक्षेप घेत आणि तो पोकळ नव्हता. धनिकांनी स्वतःला विश्वस्त मानावे, या आवाहनाला होकार देणारे धनिक बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. हा संपत्तीवाल्यांचा विश्वस्त कोणत्या माणसासारखा असावा, हे लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर जमनालाल असत, असे गांधीजींनी त्यांच्या मृत्यूनंतर नमूद केले. तेवढ्याच प्रामाणिकपणे हेही म्हटले पाहिजे की त्यांना दुसरे नाव सहजी सांगता आले नसते. माझ्या मते यात जमनालालजींचा मोठेपणा आहे आणि त्या कल्पनेची उणीवही. त्यांच्या नावाने पुढे मुंबईत व्यवस्थापनशास्त्राची संस्था निघाली, १९७७ मध्ये प्रतिष्ठान झाले, पारितोषिके सुरू झाली. ते सर्व उत्तम आहे. पण पारितोषिक म्हणजे सतराव्या वर्षीचे पत्र नव्हे.

अखेरची वर्षे त्यांना राजकारणाचा कंटाळा आला होता. प्रकृतीही साथ देत नव्हती. १९४१ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर कोणते काम घ्यावे असे त्यांनी गांधीजींना विचारले आणि गोसेवा पत्करली. गोसेवा संघ निघाला. वर्ध्याजवळ गोपुरीला एक झोपडी बांधून ते तेथे राहू लागले. गायींची निवड, चारा, दूध यांचे हिशेब मांडू लागले. पंधरा-वीस वर्षे देशभरच्या पाहुण्यांना ज्याने आपली घरे दिली, तो स्वतः मातीच्या झोपडीत गेला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने काही तासांतच त्यांचा अंत झाला. वय अवघे बावन्न. पाच महिन्यांनी, १४ जुलैला, ब्रिटिशांनी भारत सोडावा असा ठराव कार्यकारिणीने केला तो वर्ध्यालाच.

जानकीदेवींनी आपल्या वाट्याची मालमत्ता गोसेवेला दिली. त्यांच्या मुलांनी उद्योग सांभाळला. त्या मात्र पुढे विनोबांबरोबर भूदानात पायी फिरल्या आणि त्यांनी कूपदानाचे काम विशेष आपले मानले. ज्यांना जमीन मिळाली पण पाणी नाही, अशांच्या शेतात विहिरी व्हाव्यात म्हणून त्या गावोगाव मागत हिंडल्या. १९५६ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. १९७९ च्या मे महिन्यात त्या वारल्या.